धूळपाटीपासून अंगणवाडीपर्यंत

गेल्या हिवाळ्यात एक सहकारी रजेवर होते म्हणून आठवीच्या वर्गावर मी बदली तासाला गेलो. शाळेच्या आवारातल्या झाडाचे ओंजळभर आवळे शिपायाने टेबलावर आणून ठेवले होते. तेच बरोबर नेले. प्रत्येकाच्या हातावर एकेक फोड ठेवली आणि विचारले, 'चव कशी आहे? एका शब्दात सांगा.' 'आंबट' असे उत्तर पहिल्या बाकावरून आले. मी म्हटले, आंबट तर चिंचही असते. याची चव चिंचेसारखी आहे का? नाही, हे सगळ्यांना कळत होते. तोंडे वाकडी झाली होती, जीभ टाळूला चिकटत होती, पण शब्द येईना. एक जण म्हणाला, 'टेस्ट वेगळी आहे, सर.' दुसरा म्हणाला, 'ड्राय लागतंय.' शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी चाचरत म्हणाली, 'माझी आज्जी याला ओगरु म्हणते.' तिची आजी कन्नड. चाळीस मुलांच्या मराठी वर्गात 'तुरट' या चवीला नाव मिळाले ते एका कन्नड आजीकडून.

मला त्याचे वाईट वाटले नाही. आपल्या बेळगाव भागात शब्द या ओसरीवरून त्या ओसरीवर जातच असतात. त्या आजीचे कौतुकच वाटले. परंतु प्रश्न मनात राहिला. जीभ होती, आवळा होता, चव नीट कळतही होती. मग कमी काय पडले? लहान मुलांच्या इंद्रियांना वळण कसे लावावे, हातांनी त्यांना काय काय करू द्यावे, यावर गेली दोनशे-सव्वादोनशे वर्षे जगभर विचार झाला आहे. त्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते, आणि त्या इतिहासाचा एक मोठा तुकडा आपल्याच माणसांनी घडवला आहे.

सुरुवात आपल्या धूळपाटीपासून करू. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि मुलाने बोटाने किंवा काडीने तिच्यात अक्षर काढायचे, ही पंतोजींच्या शाळेतली रीत. 'धुळाक्षरे' हा शब्द त्यातूनच आला. मूल अक्षर गिरवीत असे आणि गिरवता गिरवता त्याचा उच्चार मोठ्याने करीत असे. 'ओनामासीधं' म्हणताना डोळा, कान, जीभ आणि बोट ही चारही एकाच वेळी कामाला लागत. पंतोजींना इंद्रियशिक्षण वगैरे ठाऊक नव्हते. कागद महाग म्हणून धूळ, इतका साधा हिशेब. त्या शाळेचे गोडवे गाण्याचाही माझा विचार नाही. तिथे छडी होती, मुलींना आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना जागा नव्हती, आणि घोकंपट्टी तर आजच्याही शाळांना लाजवील अशी होती. पण बोटाला अक्षराची ओळख करून देण्याची युक्ती मात्र पक्की होती.

इतकी की ती सातासमुद्रापार गेली. मद्रासच्या एग्मोर भागात ईस्ट इंडिया कंपनीने चालवलेल्या मुलग्यांच्या अनाथालयावर १७८९ पासून अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री देखरेख करीत होते. देशी शाळेतली मुले जमिनीवरच्या वाळूत बोटांनी अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या अनाथालयात सुरू केली. मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवायचे, हीही तिथली रीत. १७९७ साली बेल यांनी इंग्लंडमध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत वाळूचे तबक आले. 'मद्रास पद्धत' या नावाने ती ओळखली गेली. त्या पद्धतीचे कौतुक झाले ते स्वस्ताईसाठी. बोटाला काय कळते, याकडे तेव्हा फारसे कुणाचे लक्ष नव्हते.

ते लक्ष गेले पॅरिसमध्ये, आणि तेही एका विचित्र निमित्ताने. १८०० च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों प्रांतात जंगलात एकटा वाढलेला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणल्यावर बहुतेक विद्वानांनी तो जन्मतःच मंदबुद्धी असल्याचे ठरवून टाकले. झाँ इतार हा पंचविशीतला डॉक्टर मात्र म्हणाला की, हा मुलगा मंद नाही. त्याच्या इंद्रियांना कुणी शिकवलेच नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाचेक वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. कान तयार व्हावेत म्हणून तो व्हिक्टरचे डोळे बांधी आणि ढोल व घंटा वाजवून त्यांतला फरक ओळखायला लावी. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीची आठवण व्हावी अशी ही रीत. आतले दिसणार नाही अशा भांड्यात गरम आणि गार चेस्टनट ठेवून नुसत्या हाताने ती वेगळी करायला लावी. चेस्टनट म्हणजे आपल्या फणसाच्या आठळीसारखे, भाजून-उकडून खायचे फळ. पुढे तर चेस्टनट आणि ओकचे फळ यांतला फरक व्हिक्टर नुसत्या चाचपण्याने ओळखू लागला. त्याची त्वचा, नाक, डोळे जागे झाले. कपडे घालणे, मेज मांडणे, लाकूड फोडणे तो शिकला.

बोलायला मात्र तो शिकला नाही. दूध या अर्थाचा एक फ्रेंच शब्द तो उच्चारू लागला. पण इतारच्या लक्षात आले की, दूध पाहिजे म्हणून तो शब्द येत नाही, तर दूध समोर आल्यावर आनंदाने तोंडातून निघतो. म्हणजे तो शब्द नव्हता, उद्गार होता. इतार निराश झाला. १८२८ मध्ये व्हिक्टर वारला तोपर्यंत गेरें नावाच्या बाईंनी त्याला आईच्या मायेने सांभाळले. या कथेत मला सर्वांत मोठ्या वाटतात त्या या बाई. माझ्या आवळ्याच्या वर्गाशी व्हिक्टरची तुलना करणे हे अतिशयोक्तीचे होईल, पण जाणीव झाली तरी शब्द आपोआप येत नाही, एवढे या प्रयोगाने दाखवले.

इतारचा शिष्य एद्वार सेगँ याने हा धागा पुढे नेला. मंदगती मुलांना शिकवताना त्याने एक साधी तीन पायऱ्यांची रीत वापरली. दोन वस्तू मुलाच्या हाती द्यायच्या. पहिली पायरी: 'हे खडबडीत. हे गुळगुळीत.' दुसरी: 'यातले खडबडीत कोणते, दे बघू.' तिसरी: 'हे कसे आहे?' बस्स, इतकेच. पहिल्या पायरीवर शब्द मोठ्या माणसाकडून येतो, दुसऱ्या पायरीवर मूल तो वस्तूत शोधते आणि तिसऱ्या पायरीवर तो मुलाचा स्वतःचा होतो. तीस-पस्तीस वर्षे शिकवल्यावर मी सांगतो, याहून सोपी आणि याहून पक्की पाठपद्धती माझ्या पाहण्यात नाही. बी.एड.च्या पाठटाचणातल्या सगळ्या रकान्यांनी मिळून तिच्यात काही भर घातली असेल असे मला वाटत नाही.

रोममधल्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले होते. मतिमंद मुलांसाठी वापरलेले साधन निरोगी मुलांनाही उपयोगी पडेल, हा त्यांचा विचार. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत त्यांनी 'बालकांचे घर' उघडले. तिथले कारण मजेचे आहे. आईबाप कामावर गेले की मुले चाळीच्या भिंती आणि जिने खराब करीत. मालकांच्या कंपनीला भिंती वाचवायच्या होत्या, म्हणून एक खोली मिळाली. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासच्या वर मुले. त्यांना माँटेसरीबाईंनी हाताळायला वस्तू दिल्या: एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन रचून करायचा मनोरा, नेमक्या खाचेतच बसणारे दट्टे, रंगांच्या पट्ट्या, हलवून आवाज जुळवायच्या डब्या, खडबडीत-गुळगुळीत फळ्या. चुकले तर वस्तूच सांगते की चुकले. दट्टा खाचेत बसतच नाही. शिक्षिकेने रागावण्याचे कारण उरत नाही.

अक्षरांची गोष्ट तर थेट आपल्या धूळपाटीच्या अंगणात येऊन पोचते. पूर्वी वापरलेली लाकडी अक्षरे करून घ्यायला पैसा नव्हता आणि कारागीरही मिळेना. तेव्हा बाईंनी पॉलिश पेपर कापून अक्षरे चिकटवली, आणि मग ध्यानात आले की लाकडापेक्षा हेच बरे. बोट अक्षरावर आहे की अक्षराबाहेर घसरले, हे बोटालाच कळते. मुले ती अक्षरे गिरवीत आणि त्यांचा ध्वनी उच्चारीत. एकदा गच्चीवर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी खडूने तिथले धुराडे काढायला सांगितले. त्याने ते काढले, बाईंनी शाबासकी दिली, आणि तो एकाएकी 'मला लिहिता येतं, मला लिहिता येतं' असे ओरडत फरशीवर लिहू लागला. पहिला शब्द त्याने लिहिला तो 'मानो', म्हणजे हात. मग धुराडे, मग छप्पर.

हे सारे भारतात आले ते भावनगरच्या वाटेने. गिजुभाई बधेका हे वढवाणला वकिली करणारे गृहस्थ. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारातून माँटेसरींच्या विचारांकडे वळले, वकिली सोडून १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली तिथे त्यांनी बालमंदिर उघडले. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरातने 'मूछाळी मा' म्हणजे मिशीवाली आई म्हटले. गिजुभाईंनी माँटेसरींचे साधन घेतले, पण त्यात गोष्ट, गाणी, नाटक, बागेतली माती हे आपले घालून घेतले. माँटेसरीबाईंना परीकथांचे फारसे प्रेम नव्हते. गिजुभाईंचे बालमंदिर गोष्टीवाचून चालतच नसे. माझे मत विचाराल तर या बाबतीत शिष्य गुरूच्या पुढे गेला.

राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातली मोठ्या पगाराची प्राचार्यपदाची नोकरी सोडून १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या, त्या ताराबाई मोडक. आपल्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्यांनी ताराबाईंकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. त्या केळकरांच्या घरातल्या, प्रार्थनासमाजाच्या संस्कारात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. पण जवळजवळ नऊ वर्षे त्यांनी गुजराती मुलांना गुजरातीत शिकवले, गुजरातीत लिहिले. मुलाच्या घरात जी भाषा असेल ती शिक्षकाने शिकायची, ही त्यांची रीत होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. मुंबईला परतल्यावर १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले आणि तिथे तेच काम मराठीत आले. पॉलिश पेपरचा 'अ' आता देवनागरी झाला.

मधल्या काळात एक प्रश्न मात्र वाढत गेला होता. माँटेसरींचा साधनसंच महाग. शहरातल्या सुखवस्तू घरांची मुले त्यावर खेळत. खेड्यातल्या मुलाचे काय? १९३१ च्या ऑक्टोबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना माँटेसरींच्या प्रशिक्षण वर्गात बोलले. श्रीमंतांच्याच नव्हे तर कंगालांच्या मुलांनाही असे शिक्षण मिळावे, अशी आशा त्यांनी बाईंच्या समोरच बोलून दाखवली. पुढे १९३९ च्या नोव्हेंबरात बाई स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या, तेव्हा वय एकोणसत्तर. पहिल्याच वर्गाला देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक जमले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि बाई एकदम शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचा मुलगा मारिओ याला सरकारने नजरकैदेत टाकले ते आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. ३१ ऑगस्टला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. युद्धामुळे त्या १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. कोडाईकनालच्या टेकड्यांवर पाने, बिया, किडे-मुंग्या मुलांसमोर ठेवून त्यांनी बरेच नवे काम केले.

गांधीजींनी काढलेल्या प्रश्नाला उत्तर दिले ते ताराबाईंनी. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी या गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि त्यात त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, त्यानंतर जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका, असा अनुताईंचा प्रवास. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, गुजरातच्या उंबरठ्यावरचे. तिथेही मराठी-गुजराती असा आपल्यासारखाच दुपेडी कारभार. या दोघींनी महागड्या संचाची वाट पाहिली नाही. समुद्रकाठचे शंख-शिंपले, गोटे, चिंचोके, गुंजा, झाडांची पाने, बांबूचे तुकडे, माती हेच साधन. लहान-मोठे लावायला शिंपले, रंग जुळवायला फुले आणि बिया, जड-हलके कळायला दगड आणि सावरीचा कापूस. सेगँच्या तीन पायऱ्यांना यातली कोणतीही वस्तू चालते.

तिथेही अडचण आली. वाडीवस्तीवरची मुले बालवाडीत येईनात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळते, दुसरा गुरे राखतो. शाळेत यायचे कुणी? तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. झाडाखाली किंवा झोपडीपुढच्या सारवलेल्या जागेत मुले जमवायची, तिथेच हातपाय धुवायचे, तिथेच गाणी, तिथेच शिंपले-चिंचोके. या अंगणात भरणाऱ्या बालवाडीला त्यांनी 'अंगणवाडी' म्हटले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली पाड्यांच्या मधोमध. वारली मुलांची बोली पुण्याच्या पुस्तकी मराठीहून पुष्कळ वेगळी. वस्तूचे नाव आधी मुलाच्या बोलीत घ्यायचे आणि मग आपले सांगायचे, असाच मार्ग तिथे होता. गुरे राखणाऱ्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा चालवली. रानातच गुरे, रानातच धडे. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावे. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'. आज देशात अशी केंद्रे लाखांच्या घरात आहेत. फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत आपल्या शाळेला 'मुलांची बाग' असे नाव दिले होते, त्याचे पुढे आपण 'केजी' करून टाकले आणि अर्थ विसरलो. अंगणवाडीचा अर्थ मात्र बहुतेक प्रांतांत कळतो. आपल्याकडच्या कन्नड पाट्यांवरही तो शब्द कन्नड लिपीत तसाच आहे. कन्नडमध्ये अंगणाला 'अंगळ' म्हणतात, त्यामुळे त्यांनाही तो परका वाटत नाही. सीमेवरच्या भांडणात कोणत्या पाटीवर कोणती लिपी यावरून आपण किती शक्ती खर्च केली! आणि वारल्यांच्या अंगणातला हा मराठी शब्द कुणाला न विचारता सर्व राज्यांत जाऊन बसला.

आता पुन्हा आवळ्याकडे येतो. माझ्या त्या आठवीतली बरीच मुले इंग्रजी बालवर्गांतून आलेली आहेत. त्या वर्गांत साधने नाहीत असे मुळीच नाही. रंगीत ठोकळे, मणी, मनोरे, सारे आहे, बोर्डीच्या मुलांनी स्वप्नातही पाहिले नसेल इतके. पण मुलाच्या हातात ठोकळा असताना त्याच्याशी बोलणारे माणूस एकतर गप्प असते, नाहीतर मुलाच्या घरात कधी ऐकू न येणारा शब्द सांगते. घरी आईबापांना वाटते शाळेने शिकवले, शाळेला वाटते घरी येतच असेल. बोटांना पृष्ठभाग कळतो, जिभेला चव कळते. नाव तेवढे कुणी सांगितलेले नसते. आणि आपल्या भाषेत नावे थोडीथोडकी आहेत का? नुसत्या हाताला लागणाऱ्या गोष्टींनाच खडबडीत, खरखरीत, राठ, भरड, तलम, मऊ, लुसलुशीत, गुळगुळीत, बुळबुळीत, चिकट, चिवट. नाकाला खमंग, उग्र, कुबट, करपट, आंबूस. नारळ खवट निघाला तर तो आणखी वेगळा. यातला एकेक शब्द म्हणजे एकेक फरक ओळखण्याची सोय आहे. 'बुळबुळीत' आणि 'गुळगुळीत' यांतला भेद भेंडी आणि काच हाताळूनच कळतो, पण शब्द मिळाल्यावर टिकतो.

या बाबतीत सरकारकडे बोट दाखवण्याची सोयही आता उरलेली नाही. मुलाची मातृभाषा कोणती आणि त्याने प्राथमिक शिक्षण कोणत्या भाषेत घ्यावे हे ठरवण्याचा हक्क पालकांचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला, आणि तो खटला आपल्याच कर्नाटक राज्याचा होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानला, खेळातून आणि हाताळून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला. कागदावर सर्व अनुकूल आहे. मराठी शाळांचे पट मात्र का घटतात ते प्रत्येक घराने आपल्या घरात विचारावे. मी माझ्या घरातही विचारले आहे, आणि उत्तर देताना मला अवघड गेले. माझी नात इंग्रजी शाळेत जाते.

म्हणून रविवारी सकाळी तिला घेऊन मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या शेतवाडीत जातो. वाटेतल्या अंगणवाडीच्या सेविका आमच्या शेजारीणच. रविवारी बंद असलेल्या केंद्राच्या पायरीवर त्या कधीकधी घरचे कडधान्य निवडत बसलेल्या असतात. मागल्या महिन्यात त्यांनी नातीचे डोळे पदराने झाकले, तिच्या एका हातात पावट्याचा दाणा दिला, दुसऱ्या हातात भुईमुगाची शेंग, आणि कन्नडमध्ये विचारले, 'नुण्णगे यावुदु?' नातीने पावट्याचा हात पुढे केला. 'मत्ते इदु?' असे म्हणत बाईंनी शेंगेच्या हातावर बोट ठेवले. नात जरा थांबली, शेंग पुन्हा बोटांत फिरवली आणि म्हणाली, 'खरखरीत. आजोबांच्या गालासारखं.'